नरोटी

पुस्तक मांडीवर घ्या, पण लगेच उघडू नका. आधी पंख्याचा आवाज येऊ द्या. शेजारच्या कुकरची शिट्टी, खाली वळणारी रिक्षा. कुणाला हाकलायचं नाही. त्यांचं बोलून होऊ दे.

सध्या मी ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय वाचते आहे. रोज पाच ओव्या. एकंदर ओव्या नऊ हजारांवर, म्हणजे या चालीने पाच वर्षं लागतील. सप्ताहात सात दिवसांत पारायण करणारी आमच्याकडची मंडळी हसतात. हसू देत.

आता एक ओवी मोठ्याने वाचा, कोणतीही. अर्थाच्या मागे लागू नका. पहिले तीन चरण यमकाचा हात धरून येतात. चौथा आखूड, यमक सोडून दिलेला. तिथे जीभ थांबते. तुम्हीही थांबा.

मनातल्या मनात वाचायचे तेव्हा हा चौथा चरण मला लंगडा वाटायचा. मोठ्याने वाचू लागले आणि वेगळंच वाटू लागलं. समोर माणसं बसली आहेत. सांगणाऱ्याने श्वास घ्यावा, ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणावं, एवढी ती जागा आहे. पुन्हा वाचा. या वेळी ते ‘हं’ तुम्ही म्हणा.

नवव्या अध्यायाचा आरंभच मागण्याने होतो. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. बदल्यात सगळं सुख कबूल करतात. मग लगेच सावरून घेतात, की हे मी प्रौढीने बोलत नाही, तुमच्याकडे लाड करून घेतो आहे. कारण तुम्ही माझं श्रीमंत माहेर. या शब्दापाशी मी तीन दिवस अडले होते. ऐकणारा म्हणजे माहेर! आपल्यापाशी येऊन कुणाला पाय पसरून बसता येतं, हे जरा आठवून पाहा. घाई नाही.

हे सगळं नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली झालं. शेवटच्या ओवीत त्या सालाची नोंद आहे आणि सच्चिदानंदबाबांनी आदराने लेखन केलं, हीही. त्या बाबांचा मला हेवा वाटतो. हजारो ओव्या त्यांच्या कानावरून हातात उतरल्या असतील, आणि मध्ये तोंड नाही.

पुढे तीनशे वर्षांत प्रती वाढल्या तसे पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. ते स्वतः केवढे कवी! तरी काम संपवताना त्यांनी ताकीद दिली ती अशी, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

पुस्तक मिटा. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. आज कोण कोण तुमच्याशी बोललं? एकच माणूस निवडा. त्याची पहिली तीन वाक्यं त्याच्याच शब्दांत आठवून पाहा. जमत नाही ना? आपलं उत्तर मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

माझी गंमत सांगते. परवा आईचा फोन आला. गुडघ्याचं सांगत होती. तिच्या दुसऱ्या वाक्याला मी डॉक्टर सुचवला, तिसऱ्याला तेल. वाईट सल्ला नव्हता. पण ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. गुडघ्यावरून तिला कुठे जायचं होतं, ते राहिलंच. पुस्तकांच्या समासात मी पेन्सिलीने लिहिते ना, ‘हे पटत नाही’, ‘उदाहरण अपुरं’, ती सवय तोंडालाही लागली असावी. ज्ञानेश्वरीच्या समासात अजून तरी काही लिहिलेलं नाही. पेन्सिल स्वयंपाकघरात ठेवून येते.

आता पुढची ओवी. तुम्ही वाचा, मी ऐकते. चौथ्या चरणाशी थांबा…

फोन वाजतोय. आईचाच असणार, या वेळेला तिचाच असतो.

“हं, बोल.”