काटा ‘भरलेली’ म्हणतो तेव्हा

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला की तो मुख्यतः दोन प्रकारे खोटं बोलतो. टाकी भरलेली असताना ‘रिकामी’ म्हणतो, नाहीतर रिकामी असताना ‘भरलेली’. पहिल्या खोट्याने आपली चिडचिड होते. दुसऱ्याने कसारा घाटात, रात्रीच्या वेळी, घरची माणसं मागे बसलेली असताना गाडी बंद पडते. तरी मेकॅनिककडे आपण धावतो ते पहिल्यासाठी. काटा भरलेली टाकी दाखवतोय म्हणून कुणी गाडी तपासायला नेली, असं मी अजून पाहिलेलं नाही. आज सकाळी याचाच थोडा विचार करू या.

काट्याला पेट्रोल दिसत नाही. पेट्रोलवर तरंगतो तो टाकीतला फ्लोट, जुन्या गाड्यांत पितळेचा पोकळ डबा किंवा बुचाचा तुकडा. त्याच्या दांडीला जोडलेली पत्ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते आणि पेट्रोल वरखाली होईल तसा विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. डॅशबोर्डवरचा काटा तेवढाच अडथळा जाणतो. पाव, अर्धी, पाऊण ही नावं आपण दिलेली. मग मधली वायरच तुटली तर तो काय दाखवेल? ते गाडी बनवणाऱ्याने फार पूर्वी ठरवून टाकलेलं असतं.

आणि ठरवताना सगळ्यांनी सारखं ठरवलं नाही. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे 0 ओहम अडथळा आणि भरलेली म्हणजे 90. फोर्डच्या अनेक गाड्यांत नेमकं उलट: रिकामी साधारण 73, भरलेली 10. म्हणजे वायर तुटली की एक गाडी ‘भरलेली’ सांगते आणि दुसरी ‘रिकामी’. ब्रिटिश गाड्यांत तर एकाच मॉडेलमध्ये हा बदल झाला. एमजीबी घ्या. सुरुवातीच्या गाड्यांत दोन कॉइलचं, चटकन हलणारं गेज होतं. वायर निघाली की काटा ‘भरलेली’च्या बाजूला जाई. 1964 च्या सुमारास तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीचं, सावकाश चढणारं गेज आलं. त्यात वायर तुटली की पट्टी तापतच नाही आणि काटा ‘रिकामी’वर पडून राहतो. माझ्या मते हीच रचना अधिक भली. स्वतः मोडली तरी ती माणसाला पंपाकडे पाठवते, घाटाकडे नाही.

त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी आपल्या गाडीत कोणत्या जातीचं गेज आहे ते माहीत हवं. मग तपासणी सोपी आहे. टाकीचं झाकण घट्ट बंद, गाडी मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट नाही. किल्ली फिरवा, टाकीवर बसवलेल्या फ्लोटच्या युनिटची वायर काढा आणि काटा पाहा. मग तीच वायर, टाकीपासून दूर, बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर लावा आणि पुन्हा पाहा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागला तर गेज आणि वायर ठीक आहेत. दोष टाकीच्या बाजूला. पट्टीवाल्या गेजला बॅटरीचे 12 व्होल्ट थेट कधीही देऊ नयेत, ते जळतं. त्याला एक लहानसा स्टॅबिलायझर सरासरी 10 व्होल्ट पुरवत असतो. पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर संशय आधी त्या स्टॅबिलायझरवर घ्यावा.

टाकीच्या बाजूचा दोषही बहुतेक वेळा साधाच निघतो. गंज चढून किंवा नव्या रंगाखाली झाकली जाऊन अर्थिंग तुटलेली असते. पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत घासली, एक जाड वायर युनिटपासून चॅसीपर्यंत नेली, की काटा जागा होतो. ठराविक पातळीवरच काटा थरथरत असेल तर वेटोळ्याची तार तिथे झिजलेली असते. आणि काटा कायम ‘रिकामी’वर असेल तर फ्लोट काढून कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर फ्लोटला भोक आहे, तो बुडालेला आहे. त्याला डाग द्यायचा तर आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण घालवल्याशिवाय नाही. यात घाई जिवावर बेतते. नवं डॅशबोर्ड गेज विकत घेणं या सगळ्यात शेवटी यावं. प्रत्यक्षात मात्र लोक सुरुवातच तिथून करतात, कारण डोळ्यांसमोर तेवढंच असतं.

पूर्वीच्या माणसांनी गेजशिवायही निभावलं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये टाकी सीटखाली असे आणि लोक लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजत. फोक्सवॅगन बीटलला 1961 पर्यंत गेजच नव्हतं. इंजिन आचके देऊ लागलं की पायाजवळचा रिझर्व्हचा कॉक फिरवायचा. चेतक स्कूटर चालवलेल्या पिढीला हे सांगायला नको. या कॉकमध्ये एक प्रामाणिकपणा होता: तो टाकी भरल्याचा दिलासा कधी देत नसे, संपत आल्याचंच सांगे.

गेजचं खरं काम तेच आहे. तरी आपल्या मनाची ओढ उलटी. वाईट बातमी आली की आपण पुन्हा पुन्हा खातरजमा करतो, चांगली आली की लगेच मान डोलावतो. ‘सगळं ठीक’ असं लिहून आलेला रक्ताचा रिपोर्ट, मुलाचं ‘मी मजेत आहे’, संस्थेचा दरवर्षी शिल्लक दाखवणारा ताळेबंद, यांना आपण कधी विचारत नाही की तुमची वायर जोडलेली आहे ना? माणूस समाधान शोधत असतो, हे मला समजतं. पण समाधान मिळालं म्हणून तपासणी झाली असं होत नाही, आणि किंमत बहुधा शेजारी बसलेल्याला मोजावी लागते.

तुमच्या घरी अँबेसिडर, पद्मिनी किंवा वडिलांची जपून ठेवलेली कोणतीही जुनी गाडी असेल, तर लांबच्या प्रवासाआधी एवढं करा. टाकी पूर्ण भरल्यावर काटा कुठे थांबतो ते पाहा, आणि डिकीत पेट्रोलचा सुरक्षित कॅन ठेवून, घराजवळच्याच रस्त्यावर, टाकी जवळजवळ संपेपर्यंत चालवून तो कुठे येतो तेही पाहा. दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर रिकाम्या टाकीची खात्री करून घ्या.