गळ कोणाच्या हातात?

नागपुरात समुद्र पाळणं हाच मुळात उद्दामपणा. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ कालवायचं, पाणी 25 अंशांच्या आसपास राखायचं; आणि बाहेर मे महिन्यात पारा 45च्या वर. वीज गेली की बर्फाच्या बाटल्या टाकीत तरंगवायच्या. हा सगळा खटाटोप एका फ्रॉगफिशसाठी.

अँग्लरफिश म्हटलं की खोल अंधारात दिवा घेऊन बसलेला मासा आठवतो. माझा त्याच्याच गणातला, पण उथळ पाण्यातला. मुठीएवढा, दगडावरच्या स्पंजासारखा. पोहण्यापेक्षा परांवर चालणं त्याला पसंत. डोक्यावर काडी, काडीच्या टोकाला आमिष. ते हलवत तो बसून राहतो. सावज जवळ आलं की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत ते नाहीसं झालेलं असतं.

सुरुवातीला मी जिवंत मॉली सोडायचो. एकदा आई टाकीपाशी उभी होती. म्हणाली, "तो शिकार करतोय की तू?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आमच्याकडे रविवारी भंडाऱ्याच्या तलावातली रोहू शिजते, आईच शिजवते. पण प्रश्न डोक्यात राहिला. समुद्रात मॉलीसारख्या माशाला पळायला वाट असते, आणि शिकाऱ्यावर उपाशी राहायची पाळीही येते. माझ्या टाकीत दोन्ही नव्हतं. मत्स्यन्याय हा शब्द राजा नसलेल्या राज्यासाठी वापरत. इथे तर राजा होता, आणि कोण कधी मरणार हे तोच ठरवत होता.

मग मी त्याला मेलेल्या कोळंबीची सवय लावली. काडीला टोचून त्याच्यापुढे हलवायची. काही आठवडे त्याने ढुंकून पाहिलं नाही, नंतर घेऊ लागला. मला हायसं वाटलं. ती कोळंबी कशी मेली हे मला पाहावं लागत नव्हतं, एवढंच खरं तर बदललं होतं.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. त्याने आमिष हलवणं जवळजवळ सोडलं होतं. माझं मन शांत व्हावं म्हणून मी त्याचा गळ काढून स्वतःच्या हातात घेतला होता. हे त्याच्यावर उपकार की दुसरी हिंसा, मला अजून ठरवता येत नाही. त्याला परत समुद्रात सोडण्याचा विचार मनात येतो, पण कुठल्या किनाऱ्यावर?

परवा काच पुसायला मी टाकीत रिकामा हात घातला. काडी नव्हती. तो दगडावरून वळला, आणि कित्येक महिन्यांनी माझ्या बोटापुढे त्याने आमिष हलवलं.