गोड्या पाण्याची गळती

खाऱ्या पाण्यात जन्म काढणारी लाकडी बोट सहसा खाऱ्या पाण्यानं कुजत नाही. ती कुजते पावसाच्या पाण्यानं. शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटतं, कारण आमचा सगळा जीव त्या गोड्या पाण्यावरच. पण बंदरावर कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही. त्यामुळे समुद्रात बुडालेली फळी वर्षानुवर्षं टणक राहते. लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा असतो, तो वेगळा शत्रू. त्याच्यासाठी तळाला तेल आहे, रंग आहे, आता फायबरचा थर आहे. पण केबिनच्या छपरातून, खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब थेंब आलेलं पावसाचं पाणी फळीच्या पोटात शिरतं, तिथंच मुक्काम करतं आणि काही वर्षांत लाकडाचा भुसा करून टाकतं. माणसाचं सगळं लक्ष तळाकडे, आणि घात होतो छपराकडून.

मी भातशेतीचा आणि कलमांचा माणूस. बोटीतलं हे शहाणपण माझं नव्हे, माझ्या बहिणीच्या यजमानांचं. भावोजींनी सारा जन्म समुद्रावर काढला, खलाशी म्हणून सुरुवात केली आणि पुढं स्वतःच्या बोटीचे तांडेल झाले. आमच्या देवगड तालुक्यात घरटी एक पाय शेतात आणि एक पाय पाण्यात अशीच बहुतेकांची तऱ्हा. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तोवर पाऊसही जोर धरतो. आमच्याकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला मोठा हिस्सा याच दोन महिन्यांत कोसळतो. बोटी खाडीत आत आणून ठेवलेल्या असतात. पूर्वी त्यांच्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालत, आता ताडपत्री टाकतात. जुलैच्या मध्याला माझी लावणी आटपली की मी चार दिवस बहिणीकडे जातो. भावोजी तेव्हा केबिनची गळती शोधत असतात. त्यांच्या हाताखाली राहून जे शिकलो, ते बोटीपुरतं राहिलं नाही, म्हणून हे लिहितो.

पहिली गोष्ट, गळती आहे की घाम, ते ठरवायचं. बंद केबिनमध्ये चार माणसं झोपतात, स्टोव्हवर चहा-भात होतो. ती वाफ थंड पत्र्याला, काचेला लागली की पाणी होऊन ओघळते. पाऊस नसलेल्या रात्रीही सकाळी भिंत ओली दिसली तर तो घाम. त्याला फट बुजवून उपयोग नाही, उलट वारा खेळता करावा लागतो. दुसरं, पाणी बोटावर घेऊन चाखायचं. खारट लागलं तर ते लाटेचं, गोडं लागलं तर पावसाचं. केवढी सोपी परीक्षा! पण ती न करताच माणसं डबाभर लांबी फासून मोकळी होतात.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. भावोजी म्हणतात, "थेंब पडता थंय भोक नसता." पाणी छपरावरच्या एखाद्या बोल्टाच्या भोकातून आत येतं, आतल्या वाशाच्या पोटाखालून सरकत जातं, वाटेत वायर भेटली तर वायरीवरून चालतं, आणि सगळ्यात खालचा बिंदू सापडला की तिथं गळतं. भोक दिव्याच्या खांबाशी आणि थेंब पडतो नाळेकडच्या बिछान्यावर. ज्याच्या बिछान्यावर थेंब पडतो, त्याच्या डोक्यावरच्या छपराचा काही गुन्हा नसतो.

मग भोक शोधायचं कसं? पावसाची उघडीप बघायची. केबिन आतून कोरडी पुसायची. संशयाच्या सांध्यांखाली रांगोळीची पूड पातळ फासायची, म्हणजे पाण्याची वाट उमटते. एक माणूस बॅटरी घेऊन आत, दुसरा बादली-तांब्या घेऊन बाहेर. पाणी ओतायचं ते खालून वर. आधी भिंतीचा तळचा सांधा. दहा मिनिटं थांबायचं. आतून हाक आली नाही, तर खिडकीची खालची चौकट. पुन्हा दहा मिनिटं. मग खिडकीच्या बाजू, मग वरची चौकट, मग छपराची कड आणि शेवटी छपरावरचे बोल्ट, दिवे, खांब. एकदम वरून बादली ओतली तर सगळं एकदाच भिजतं, आत थेंबही पडतो, पण कुठून आला ते कळत नाही. पाणी ओतल्याचं समाधान तेवढं मिळतं.

गावात आम्ही दोष शोधतो तो असाच वरून. पोरगं बिघडलं, कलियुग आलं. सोसायटी बुडाली, सरकारच तसलं. बाग गेली, नशीब फुटकं. एवढ्या वरून ओतलं की कुणाच्याच सांध्यावर बोट ठेवावं लागत नाही. खालून वर जायचं म्हणजे दर सांध्यापाशी थांबावं लागतं. पैसे कुणाच्या हातात दिले, कागद कुणी ठेवला, त्या रात्री दार कुणी उघडलं. ते अवघड जातं, कारण त्यातले निम्मे सांधे आपल्याच नात्यातले निघतात.

भोक सापडलं की ते बुजवायचं कुठून, हा खरा प्रश्न. आतून बुजवणं सोपं. थेंब समोर दिसतोय, चिकट सिलिकॉनची नळी हातात आहे, दाबली की थेंब बंद. भावोजी एकदा एका पोराला म्हणाले, "आतसून लांबी मारलंस तर पाणी थांबणा नाय, फकत दिसणा नाय." पाणी वरून येतच राहतं, बाहेर पडायची त्याची वाट तेवढी बंद होते. मग ते फळीत मुरतं. त्यावर फायबरचा थर असला तर आणखीच वाईट, कारण वरून चकचकीत आणि आत सडका लगदा. असल्या बोटीला हातोडीच्या दांड्यानं वाजवून बघतात. निरोगी लाकूड टणकन बोलतं, कुजलेलं भद्द आवाज देतं. गळणारी केबिन निदान सांगत तरी असते. आतून बुजवलेली बोलत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लहानपणापासून ती ऐकत आलो. घरातली गळती झाकावी की उघडी करावी, हा प्रश्न मला त्या म्हणीशी घासून बघावासा वाटतो. कारण आमच्या वाडीत एका घरात तिची किंमत मोजलेली मी पाहिली आहे.

त्या घरात आई, मुंबईला नोकरीत असलेला थोरला, गावी बाग बघणारा धाकटा आणि लग्नाची एक बहीण. धाकट्याला दारूची लागण झाली. आधी आठवड्यातून, मग रोज. त्याची बायको पहिल्या वर्षीच बोलली, सासूजवळ बोलली, शेजारणींजवळ बोलली. सगळ्यांनी एकच सांगितलं, "घरातली गोष्ट घरात ऱ्हवांदे." ती फार बोलते, असं तिचं नाव झालं. थेंब तिच्या बिछान्यावर पडत होता, म्हणून गळणारं छप्पर तीच, असा वाडीचा न्याय. थोरला फोन करायचा, आई सांगायची, सगळं बरं आहे. पैसे यायचे, पुसून व्हायचे. पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका मार्चमध्ये एक व्यापारी बागेत माणसं घेऊन आंबा उतरवायला आला, तेव्हा कळलं की धाकट्यानं तीन हंगामांची बाग करारानं देऊन पैसे आगाऊ उचललेत. कागदावर सही खरी होती. त्याच वर्षी पावसाळ्यात धाकटा गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. मागं बायको, एक मुलगी आणि दोन वर्षं दुसऱ्याची असलेली बाग.

आता त्या आईनं चूक केली का? लोक पटकन हो म्हणतात. मी म्हणत नाही. तिची बाजू नीट बघा. धाकटा बिघडायला लागला तेव्हा मुलीचं लग्न जमत होतं. भाऊ पितो हे बाहेर गेलं असतं तर ती सोयरीक मोडली असती. त्या घडीला तिनं मूठ झाकली, ती मुलीसाठी. आपण तिच्या जागी असतो तर वेगळं काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इथं पुन्हा भावोजींचं ऐकावं लागतं. ते आतून कधीच बुजवत नाहीत असं नाही. भर समुद्रात वादळ उठलं, केबिनमध्ये इंजिनाच्या वायरींवर पाणी ठिबकायला लागलं, तर कोण बसतंय बोल्ट खोलत? मिळेल ते दाबायचं, प्लास्टिक बांधायचं आणि बंदर गाठायचं. तिथं झाकणं हेच शहाणपण. पण असं ठिगळ लावलं की ते शेजारी तेलरंगाची एक लाल फुली मारून ठेवतात. हंगाम संपला, बोट खाडीत आली की पहिल्यांदा त्या फुल्या बघतात. एकेक ठिगळ काढायचं, बाहेरून बोल्ट खोलायचा, भोकातलं कुजकं लाकूड खरवडून काढायचं, ते पुरतं सुकू द्यायचं. घाई केली तर ओल आतच बंद होते. मग रोगण पाजायचं, नवं चिकट भरून बोल्ट बसवायचा. तोही पहिल्या दिवशी बेतानंच आवळायचा. एकदम जोरात पिळला तर सगळं चिकट बाहेर येतं आणि सांधा कोरडाच राहतो. शेवटचा पीळ दुसऱ्या दिवशी द्यायचा.

त्या आईचं झाकणं चुकलं असं मला वाटत नाही. फुली मारायची राहिली. मुलीचं लग्न पार पडलं, वादळ ओसरलं, बोट बंदराला लागली. तेव्हा थोरल्याला बोलावून, दार लावून, चौघांनी बसून ते ठिगळ काढायला हवं होतं. पण एव्हाना झाकण्याची सवय झाली होती. सवयीला कारण लागत नाही. लग्नासाठी झाकलं, मग बारशासाठी, मग थोरल्याला मुंबईत ताप नको म्हणून. दर वेळी कारण खरंच होतं. खऱ्या कारणांचे थरावर थर चढत गेले, आणि आतल्या आत फळी भद्द वाजायला लागली.

कुणी म्हणेल, मग काय घरची भानगड चव्हाट्यावर मांडायची? तसं नाही. गळती काढायला कुणी छप्पर फोडत नाही, आणि भर पावसात बोल्टही खोलत नाही. उघडीप बघतात. ज्याला दुरुस्ती करता येते, त्यालाच बोलावतात. बंदरावरच्या शंभर माणसांना केबिन गळते हे कळून काही होत नाही, पण सुताराला मात्र कळलंच पाहिजे. झाकली मूठ बाजारापुढे झाकलेली राहू दे, माझी ना नाही. पण जो ती मूठ सोडवू शकतो, त्याच्यापुढेही झाकली तर ती सव्वा लाखाची राहत नाही. त्या घरात गोष्ट वाडीला माहीत होती, दारूच्या दुकानाला माहीत होती, व्यापाऱ्याला माहीत होती. माहीत नव्हती ती एकट्या थोरल्याला, ज्याच्या हातात काही करणं होतं. अब्रू म्हणून आपण जे झाकतो, ते पुष्कळदा असंच असतं. जगापासून लपत नाही, वैद्यापासून तेवढं लपतं.

आणि एक. थेंबाची तक्रार करणाऱ्या माणसाचे आपण आभार मानायला शिकलं पाहिजे. तो बहुधा घरातला सगळ्यात खालच्या जागेचा असतो. सून, गडी, धाकटं पोर. पाणी खालीच जाणार, म्हणून त्याला पहिलं कळतं. त्याला कारण ठाऊक नसतं, त्याचं बोलणं कर्कश असतं, कधी भलत्यावरच आळ घेतो. घेऊ दे. भोक शोधणं हे त्याचं काम नव्हे, ते इतरांचं काम. त्यानं हाक मारली एवढं पुरे.

करार संपला आणि बाग त्या घराला परत मिळाली. आता ती सूनच बघते. औषधं, खतं, पेट्यांचा हिशोब, व्यापाऱ्याशी बोलणी, सगळं तिच्याकडे. दर वर्षी व्यवहार ठरला की थोरला मुंबईहून येतो, नणंद येते, आणि पडवीत बसून ती कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचते. गेल्या वर्षी मी तिथंच बसलो होतो. मध्येच एका उसनवारीचा आकडा आला, तिच्या स्वतःच्या माहेरचा, आणि ती अडखळली. सासू आता थकली आहे, तिला कमी ऐकू येतं. पण तेवढं थांबणं तिला बरोबर कळलं. ती म्हणाली, "वाच गो, सगळा वाच."