शिवारातली वाट कुणाची?

देवाला पायी जाणाऱ्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर पडतं? हा प्रश्न मला पोथीतून नाही, गाव नकाशातून पडला. साताऱ्याच्या आजूबाजूच्या सजांवर मी तलाठी होतो. गाव नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात, पायवाट एका. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे जुन्या 33 फुटी साखळीचे चार आणे. हिशेब केला की कळतं, 132 फूट लांबीची अशी वाट बरोबर एक गुंठा खाते. तो गुंठा सातबारावर मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहतो.

दासनवमीला, माघ वद्य नवमीला, आम्ही काहीजण साताऱ्याहून सज्जनगडावर चालत जातो. समर्थ 1676 मध्ये परळीच्या या गडावर राहायला आले आणि 1682 मध्ये तिथंच त्यांनी देह ठेवला. पाठीशी अजिंक्यतारा असतो. बोगदा ओलांडला की जमेल तिथे आम्ही डांबरी सोडून शिवारात उतरतो. शाळू पोटऱ्यांतून बाहेर पडून भरलेला, हरभरा घाट्यांवर, आणि मधून माणसाच्या पावलाएवढी उघडी पट्टी. ही पट्टी दरवर्षी मरते. पेरणीआधी नांगर तिच्यावरूनच फिरतो, पेरा झाल्यावर माणसं पुन्हा तिथूनच चालू लागतात. पीक वर येतं तेव्हा वाट तेवढी जागा सोडून येतं.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक याला दान म्हणतात. मला ते पटेना. शास्त्रात दान म्हणजे आपलं स्वामित्व सोडून दुसऱ्याचं उभं करणं. देणारा लागतो, घेणारा लागतो, संकल्प लागतो. इथं मालकी हललेलीच नाही. मग मी म्हणालो, हा उत्सर्ग असेल. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा भेद नीट मांडला आहे. विहीर, तळं, बाग सर्वांसाठी सोडली की तो उत्सर्ग. तिथं ठरावीक घेणारा नसतो आणि सोडणारा स्वतःही तिचं पाणी पिऊ शकतो. वाटेला हे चपखल बसतं, कारण शेतकरीही तिच्यावरून चालतो. फक्त संकल्पाचं पाणी कुणी सोडलेलं नसतं. न ठरवता दिलेलं पुण्य देतं का, यावर आम्ही बराच वाद घातला.

गडाच्या अलीकडे ज्यांच्या शेतातून आम्ही जातो त्या मावशींना मी हे सरळच विचारलं. त्या हरभरा उपटत होत्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, द्यायला वाट माझी हाय व्हय? माझ्या सासूच्याबी आदीपासनं लोकं हितनंच जात्यात. मी निस्ती पेरत न्हाई तिथं."

हे ऐकून मला जैमिनी आठवले. विश्वजित यज्ञात यजमानाला सर्वस्व द्यावं लागतं. मग राजाने पृथ्वी द्यावी का, असा प्रश्न पूर्वमीमांसेत येतो. उत्तर 'नाही' असं आहे, कारण भूमी सगळ्यांना सारखीच लागू आहे. जे एकट्याचं नाही ते एकटा देणार कसं? दोन हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय मावशींनी कुणाकडून ऐकलेला नाही. पण कायदा त्यांच्या नावावर जे लिहून देतो, त्यातलं जे आपलं वाटत नाही ते त्या घेत नाहीत. तेव्हा त्यांचं पुण्य दात्याचं नाही. ते अस्तेयाचं आहे, न घेण्याचं, आणि मला ते दानाहून अवघड वाटतं. देणाऱ्याला निदान नमस्कार तरी मिळतो.

याचा अर्थ वाट अडवणारा चोर, असा मी घेत नाही. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खालचे अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत. वाटण्या होता होता ज्याच्याकडे दहा गुंठे उरले, त्याने एक गुंठा पावलांखाली का घालावा? त्याचं पोट खरं आहे. हुकमाने काटे निघतात आणि निघायलाही हवेत, कारण मागच्या शेतकऱ्याला त्याच्या रानात बैल न्यायचे असतात. पण हुकमाने उघडलेल्या वाटेत अडवणाऱ्याचं पुण्य नाही आणि आमचंही नाही.

मावशींच्या शेतातली वाट नकाशावर नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याला तारेचं कुंपण घालायचं आहे. बरोबरचे लोक मला म्हणतात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, मावशींना राजी करून सातबाऱ्याच्या इतर हक्कांत वाटेची नोंद करून घ्या. नोकरीत असताना मी प्रत्येकाला हाच सल्ला दिला: तोंडी काही ठेवू नका, नोंद करा. इथे मात्र मी नाही म्हणालो. नोंद झाली की वाट आमचा हक्क होईल, आणि पेरणीच्या दिवशी ती पट्टी मोकळी सोडायची की नाही हा प्रश्नच त्या बाईपुढे उरणार नाही. आपल्या पुण्यासाठी तिचं पुण्य मोडायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? मुलाने कुंपण घातलं तर आम्ही डांबरी रस्त्याने, गजवडीवरून जाऊ. अंतर थोडं वाढेल.