जुन्या फझचं नवं रूप

लंडनमध्ये १९६६ साली आयव्हर आर्बिटर यांनी ‘फझ फेस’ हे गिटारचा स्वर खरखरीत करणारं पेडल विकायला काढलं. मायक्रोफोनच्या स्टँडची गोल बैठक पाहून त्यांनी त्याची डबीही गोलच ठेवली. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, वर दोन नॉब आणि नऊ व्होल्टची बॅटरी. एवढ्याशा ऐवजातून जिमी हेंड्रिक्सच्या गिटारला तो भरदार, खरखरीत, विझता विझत नाही असा स्वर मिळाला.

त्या पेडलनं वादकांना छळलंही पुष्कळ. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते आणि जर्मेनियमला उष्णता मानवत नाही. हवा तापली की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या कामाचा बिंदू, सरकतो आणि सकाळी सुरेख वाजलेलं पेडल रात्री स्टेजच्या दिव्यांखाली घशात अडकल्यासारखं बोलू लागतं. शिवाय एकाच खोक्यातले दोन ट्रान्झिस्टर सारखे निघतील याची खात्री नसायची. आज चांगला कारागीर प्रत्येक ट्रान्झिस्टरचा गेन आणि गळती मोजून मगच जोडी लावतो. बायसचा नॉब बाहेर देतो, पेडल चालू आहे हे दाखवणारा दिवा देतो, अ‍ॅडॉप्टरची सोय करतो. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करतो. हा त्रास होता म्हणून काही संगीत थोर झालं नव्हतं.

पण एका जागी हात आवरायला हवा. फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स फार कमी आहे. पुस्तकी हिशेबानं हा दोषच, कारण पिकअपवर त्याचा भार पडतो. त्यावरचा उपायही सोपा आहे: पुढे एक बफर, म्हणजे पिकअपवरचा भार हटवणारं छोटं सर्किट, बसवायचा. आणि नेमकं तिथेच ते पेडल मरतं. मूळ फझ फेस लावून जोरात कॉर्ड छेडा, मग करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. पायाखालचं पेडल चालूच असतं, तरी तो गदारोळ निवळतो आणि एकेक तार वेगळी, लखलखीत ऐकू येते. पिकअपची कॉइल, व्हॉल्यूमचा नॉब आणि पहिला ट्रान्झिस्टर एकाच सर्किटमध्ये गुंतलेले असतात, म्हणून हे घडतं. बफर आला की ही गुंतवण तुटते. व्हॉल्यूम उतरवला तरी स्वर पूर्वीसारखा उजळत नाही.

गैरसोय आणि गुण त्या गोल डबीत शेजारी शेजारी राहत होते आणि कागदावर दोन्ही दोषच दिसत होते. त्यांतला कुठला काढायचा हे मीटर सांगत नाही. त्यासाठी तासन्‌तास वाजवावं लागतं, कान द्यावा लागतो. म्हणून नवं फझ हाती आलं की त्यावरचे नॉब मी नंतर फिरवतो, आधी गिटारचा व्हॉल्यूम उतरवतो. तिथे स्वर उजळला नाही, तर बाकी सोयी कितीही असोत, ते पेडल मला नको असतं.