न मागता आलेला जीव

असे तुमच्याच घरी घडले आहे असे क्षणभर धरून चला. तुमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली. मुलगा बेंगळुरूहून मुद्दाम आला. "आई, बाबा, डोळे मिटा," म्हणाला आणि मांडीवर काहीतरी ऊबदार, वळवळणारे ठेवले. डोळे उघडले तर दीड महिन्याचे लॅब्रॅडॉरचे पिल्लू, गळ्यात लाल फीत. फोटो निघाले, शेजारीपाजारी येऊन लाड करून गेले. तिसऱ्या दिवशी मुलगा परत गेला. आता घरात तुम्ही दोघे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकाचे गुडघे दुखतात, दुसऱ्याला रात्रीचे कमी दिसते. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, रात्रीसुद्धा. ते आईवाचून रडते. आणि ज्येष्ठ वद्य अष्टमी दोन महिन्यांवर आलेली. आळंदीहून पायी पंढरपूरला जायचे आणि परत यायचे, म्हणजे तीन आठवडे घराला कुलूप.

अशा वेळी सल्ला द्यायला माणसे कमी पडत नाहीत. एक म्हणतो, दारात आलेला जीव देवाने पाठवलेला असतो, त्याला दुसरीकडे देणे पाप. दुसरा म्हणतो, मागच्या जन्मीचे ऋण आहे, फेडा. तिसरा व्यवहारी, तो हळूच सांगतो की देवळापाशी नेऊन सोडा, तिथे पोट भरते. आणि घरातलेच कोणी म्हणते, मुलाने एवढ्या हौसेने दिले, त्याला वाईट वाटेल, राहू दे गॅलरीत बांधून.

या चारांपैकी एकालाही पिल्लाचे काय होईल हे विचारायचे सुचलेले नाही.

आपल्याला न आवडलेली साडी आली तर आपण ती कपाटात ठेवतो. देणारा घरी यायचा असेल त्या दिवशी नेसतो. यात कोणाचे नुकसान नाही, उलट देणाऱ्याचे मन राखले जाते. पण साडीला भूक लागत नाही. जिवंत भेटीला हा शिष्टाचार लावला की मन देणाऱ्याचे राखले जाते आणि किंमत मोजतो तो मुका जीव. गॅलरीतल्या कडीला दिवसभर बांधलेले, दिवसातून दोनदा भाकरी मिळणारे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून भुंकून चिडखोर झालेले कुत्रे तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. त्या घरातली माणसे दुष्ट नसतात. त्यांना फक्त "आम्हाला हे जमत नाही" असे कोणाला तरी सांगायचा संकोच वाटलेला असतो.

कठोपनिषदाची सुरुवात आठवा. वाजश्रवस सर्वस्व दान करायला बसला आहे आणि गाई देतो आहे. कशा गाई? ज्यांचे पाणी पिऊन झाले, गवत खाऊन झाले, दूध आटले, ज्या आता वीत नाहीत अशा. म्हणजे दानाच्या नावाखाली पोसण्याचे ओझे दुसऱ्याच्या दारी चालले आहे. पोरवयाच्या नचिकेताला ते बघवेना. त्याने बापाला विचारले, मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बाप चिडला. पुढची यमाच्या घरची कथा आपण सारे जाणतो, पण मी या प्रश्नापाशीच थांबतो. दिला जाणारा जीव देणाऱ्याला विचारतो आहे की मला कोणाकडे पाठवतोस, तिथे माझे काय होणार. गाईंना ते विचारता आले नव्हते. लाल फीत बांधलेल्या पिल्लालाही येत नाही. म्हणून त्याच्या वतीने ते माणसांनी विचारायचे असते, देणाऱ्याने आधी आणि घेणाऱ्याने नंतर.

गीतेचा सतरावा अध्याय दानाबद्दल सांगताना देश, काल आणि पात्र पाहायला सांगतो. पात्र म्हणजे योग्य माणूस एवढाच अर्थ आपण घेतो आणि तो भला आहे की नाही हे पाहून मोकळे होतो. आईवडील भलेच असतात. पण मोठा झालेला लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास भरतो, त्याला रोज तासभर तरी दौडायला लागते आणि तो दहा-बारा वर्षे जगतो. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला असा जीव देताना देशही पाहिलेला नसतो आणि कालही. वाढदिवस तेवढा पाहिलेला असतो.

मग असे आलेले पिल्लू दुसऱ्या घरी द्यावे का? माझे उत्तर सरळ आहे. तुमच्याकडे त्याचे नीट होणार नसेल तर द्यावे, आणि त्यात पाप मानू नये. पण देणे आणि सोडणे या दोन क्रिया एकीत मिसळू देऊ नयेत.

महाप्रस्थानिक पर्वातला युधिष्ठिर इथे हमखास पुढे केला जातो. भाऊ गेले, द्रौपदी गेली, मागे उरले एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. धर्मराजाने स्वर्ग नाकारला. "पाहा, त्याने सोडले नाही आणि तुम्ही पिल्लू देऊन टाकता," असे कोणी बोलले की म्हातारी माणसे गप्प होतात. पण तो प्रसंग नीट पाहा. त्या पर्वतावर त्या कुत्र्याचे दुसरे कोणी नव्हते. तिथे सोडणे म्हणजे मरायला ठेवणे. इंद्राने काही त्याच्यासाठी प्रेमळ धनी शोधून आणला नव्हता. विश्वासाने पाठीशी आलेल्याला निराधार करणार नाही, एवढे धर्मराजाचे म्हणणे. त्याला आपल्याच हाताने आणि आपल्याच घरात ठेवीन, असे त्यात कुठे आले?

देवळापाशी सोडणे हे मात्र त्या पर्वतावर सोडण्यासारखेच आहे, मग जवळ कितीही अन्नछत्रे असोत. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे टापू ठरलेले असतात. घरात वाढलेले पिल्लू तिथे सोडले की आधीची टोळी त्याला फाडायला धावते. गाडी म्हणजे काय हे त्याला माहीत नसते. लसी पुऱ्या झालेल्या नसतील तर पार्व्होसारखा आजार त्याला काही दिवसांत संपवतो. कायदाही या बाबतीत गुळमुळीत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या अकराव्या कलमात, उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हा धरला आहे. देवाच्या दारात सोडले असे म्हटल्याने त्यात फरक पडत नाही. आपल्या माथ्यावरचे ओझे पुंडलिकाच्या विटेवर ठेवून यावे, तसला हा प्रकार आहे.

दुसरी बाजूही आहे, आणि आपल्या मंडळींना ती जास्त जवळची. चार दिवसांत पिल्लाचा लळा लागतो. ते पायाशी झोपते, हरिपाठाच्या वेळी टाळ वाजले की कान टवकारते. आता देवत नाही. इथे कीर्तनकार भरत राजाची कथा सांगतात. राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करणारा भरत. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या गाभण हरिणीने नदीवर झेप घेतली, पाडस पाण्यात पडले, भरताने ते उचलले. मग त्याची माया जडली, नित्यनेम सुटला, मरताना डोळ्यांपुढे पाडस राहिले आणि तो हरणाच्या जन्माला गेला. या कथेतून काही जण असा अर्थ काढतात की जनावराच्या भानगडीत पडूच नये. मला तो पटत नाही. वाहत्या पाण्यातून पाडस उचलले यात भरताचे काहीच चुकले नव्हते, न उचलता तो माळ ओढत बसला असता तर ते चुकले असते. गुंता नंतरचा आहे. पाडसाला भरताची गरज कुठवर होती आणि भरताला पाडसाची कधी लागली, हे त्याचे त्यालाच कळले नाही.

तुमच्या घरातही हा हिशेब स्वतःशी करून पाहावा लागतो. "त्याला माझ्यावाचून करमणार नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाला कोणावाचून करमणार नसते? दीड-दोन महिन्यांचे पिल्लू नव्या घरात काही दिवसांत रुळते. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचा काळ त्याच्या मनाच्या घडणीचा. त्या काळात भेटलेली माणसे, आवाज, मुले, इतर कुत्री ही त्याला आपली वाटू लागतात. हा काळ तुम्ही "बघू, वारीनंतर ठरवू" म्हणून गॅलरीत घालवलात तर दीड वर्षाचा, अंगावर उड्या मारणारा, अनोळखी माणसाला बुजणारा कुत्रा हाती उरतो आणि मग तो कोणी घेत नाही. म्हणून द्यायचेच असेल तर लवकर. इथे लांबणीवर टाकण्याला दया म्हणता येत नाही.

काही वाचक विचारतील, वारीपुरते ठेवायची सोय नाही का? आहे, मोठ्या गावांत पैसे घेऊन कुत्री सांभाळणारी ठिकाणे आहेत. सवय झालेल्या मोठ्या कुत्र्याला ती चालतात. पण तेव्हा तुमचे पिल्लू साडेतीन महिन्यांचे असेल, लसी चालूच असतील. शिवाय खरी अडचण तीन आठवड्यांची नाहीच, ती उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांच्या जिन्याची आहे. ज्यांना तो जिना चढवतो, ज्यांच्या मदतीला नातू किंवा शेजारचा पोरगा रोज येतो, त्यांनी आनंदाने ठेवावे. एखाद्या वर्षी त्याच्यासाठी घरी राहावे लागले तरी पंढरीचा राणा समजून घेईल. नामदेवरायांनी कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही कथा आपल्या लेकराबाळांना पाठ आहे. तिच्यात मला एक साधी गोष्ट दिसते. भाकरी कोरडी आहे, त्याच्या घशाला टोचेल, हे नामदेवरायांनी त्याच्या बाजूने पाहिले. तुम्ही ठेवा की द्या, पाहायचे ते त्या बाजूने.

आता देण्याचे. पहिला फोन मुलाला, पिल्लू घरात असतानाच. दिल्यानंतर कळवणे म्हणजे त्याला तोंडघशी पाडणे. "बाळा, तुझी माया कळली, पण हे आमच्याने होणार नाही, आता घर शोधायला तूच लाग," असे म्हणावे. त्यानेच आणले आहे, तेव्हा पायपीट त्यानेच करावी. कुठून आणले ते विचारा. तिथे पिल्लाची आई आणि भावंडे अजून असतील, जागा स्वच्छ असेल, तर परत नेणे हा बऱ्याचदा सगळ्यांत चांगला मार्ग. पिल्लाने निदान आठ आठवडे आईजवळ राहावे, भावंडांशी खेळता खेळता किती जोराने चावायचे नाही हे शिकावे, असे जाणकार सांगतात. दीड महिन्याचे पिल्लू भेट म्हणून हातात येते तेव्हा ते शिक्षण अर्धेच झालेले असते.

ते शक्य नसेल तर डॉक्टरांना विचारा. जनावरांच्या डॉक्टरांना कोणाचा कुत्रा नुकताच म्हातारा होऊन गेला, कोणाच्या घरी अंगण आहे, कोणाला खरेच हवे आहे हे ठाऊक असते. घेणाऱ्याच्या घरी एकदा स्वतः जाऊन या. घरातल्या सगळ्यांना ते हवे आहे का, की पुन्हा कोणा एकाची हौस? दिवसभर घरी कोण असते? मादी असेल तर जास्त जपा, कारण पिल्ले काढून विकण्यासाठी फुकट मादी शोधत फिरणारे लोक असतात आणि ते बोलायला फार गोड असतात. पिल्लाचे दोष लपवू नका. रात्री रडते, चपला फोडते, शेंगदाणे चोरते, सगळे सांगा. ते ऐकूनही जो हसून हात पुढे करतो त्याला द्या.

बरोबर लसीकरणाचे कार्ड द्या, काय खाते आणि किती वेळा ते कागदावर लिहून द्या. ज्या जुन्या लुगड्याच्या घडीवर ते झोपत होते ती घडी न धुता द्या, तिच्या वासाने त्याची पहिली रात्र थोडी सोपी जाते. आणि निघताना एक गोष्ट नव्या घरच्यांना स्वच्छ शब्दांत सांगून या: तुम्हालाही जमले नाही तर रस्त्यावर सोडू नका, आधी आम्हाला फोन करा, रात्र असली तरी करा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.