तिसरे नाव

सेंट हेलिना बेटावर कैदेत पडलेल्या नेपोलियनला काय म्हणायचे, हा एके काळी मोठा राजकीय प्रश्न होऊन बसला होता. इंग्रज सरकारचा हुकूम ‘जनरल बोनापार्ट’ म्हणण्याचा. त्याच्यासोबत आलेली फ्रेंच मंडळी ‘सम्राट’ याखेरीज दुसरा शब्द तोंडातून काढीत नसत. या ओढाताणीत जॉन स्टोको नावाचा आरमारी डॉक्टर सापडला.

हा मनुष्य काही शूरवीर नव्हता. १८०५ सालची ट्रफाल्गरची लढाई त्याने पाहिली होती, पण राजकारणाची त्याला धास्ती वाटे. नेपोलियनचा पहिला डॉक्टर ओमीरा हाही आरमारातलाच. गव्हर्नर हडसन लो याच्याशी त्याचे बिनसले आणि १८१८ च्या जुलैत त्याची उचलबांगडी झाली. त्या सुमारास ओमीराने सल्ल्यासाठी बोलावले, तर स्टोकोने अंग काढून घेतले! संसारी माणसाला हे समजण्यासारखे आहे.

परंतु १८१९ च्या जानेवारीत, मध्यरात्री, निरोप आला: नेपोलियन बेशुद्ध पडला आहे. स्टोको गेला. पाच दिवस त्याने तपासणी केली आणि यकृताचा विकार आहे असे लिहून दिले. बेटाच्या हवेने कैद्याचे यकृत बिघडले म्हणजे दोष सरकारच्या माथी, म्हणून लोला ते निदानच नको होते. स्टोकोला इंग्लंडला जावे लागले. तिथून त्याला पुन्हा बेटावर धाडण्यात आले. बिचाऱ्याला वाटले, सगळे मिटले. बोट लागताच अटक!

त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. आरोप पुष्कळ होते. त्यांतला एक मात्र वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आपल्या अहवालात त्याने कैद्याचा उल्लेख ठरवून दिलेल्या नावाने न करता ‘रोगी’ असा केला होता. हा गुन्हा!

मी शाळामास्तर. हजेरी घेताना मुलांना नंबरानेच हाक मारतो. त्यात सोय आहे. पण एकदा एक पोर तापाने फणफणून बाकावर कलंडले, तेव्हा नंबर काही माझ्या तोंडून निघेना. स्टोकोचेही असेच झाले असेल का? की दोन्ही पक्षांना चुकवण्यासाठी त्याने मुद्दाम हा मधला शब्द निवडला? मला दुसरीच गोष्ट अधिक खरी वाटते, आणि तरीही त्या शब्दाची किंमत माझ्या लेखी उतरत नाही. भित्र्या माणसाला आडोसा हवा होता. तो त्याने आपल्या धंद्यात शोधला, आणि तिथे त्याला खरा शब्द सापडला.

पुढे १८२१ च्या मे महिन्यात नेपोलियन वारला. शवचिकित्सेत मुख्य रोग निघाला जठराचा, यकृताचा नव्हे. म्हणजे स्टोकोचे निदान बहुधा चुकलेच होते. त्या चुकीबद्दल वैद्यांनी त्याला खुशाल बोल लावावा. पण न्यायालयाचा रोष निदानाच्या खरेखोटेपणावर नव्हता. ‘रोगी’ हा शब्द तर त्या पाच दिवसांत शंभर टक्के बरोबर होता.

न्यायालयाने त्याला बडतर्फ केले. मात्र जुनी नोकरी लक्षात घेऊन पेन्शनीची शिफारसही केली. पुढे नेपोलियनचा भाऊ जोसेफ याच्या मुलीला, शार्लोतला, अमेरिकेत बापाकडे पोचवण्याचे काम बोनापार्ट घराण्याने सोपवले ते याच डॉक्टरवर.